काच खाली केली तरी पावती फाटतेच

पत्र: आम्ही मेलबर्नमध्ये टार्नीटला राहतो. मुलगी १६ वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा. मिस्टरांनी सिगारेट सोडली त्याचं कौतुकच आहे, पण तिच्या जागी वेप (ई-सिगारेट) आला. गाडी चालवताना ते काच खाली करून ओढतात. बोललं की उत्तर ठरलेलं, "ही नुसती वाफ आहे, कायदा सिगारेटचा आहे." डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही गाडीने सिडनीला जाणार आहोत. पुण्याहून धाकटे दीर येताहेत, तेही वेपवाले. दिवसभराचा प्रवास आणि मागे मुलं. हे कायद्यात बसतं का? दीरांनी ओढलं तर दंड कोणाला? आणि पाहुण्यांसमोर तमाशा न करता हे थांबवायचं कसं?
— एक वाचक, टार्नीट

उत्तर: ताई, कायद्याचं उत्तर एका ओळीत आहे. तुमच्या गाडीत मुलं असताना वेप ओढणं तुमच्या व्हिक्टोरिया राज्यातही गुन्हा आहे आणि सिडनीच्या न्यू साउथ वेल्समध्येही. काच उघडी होती, एसी चालू होता, गाडी सिग्नलला उभी होती, लिक्विडमध्ये निकोटीनच नव्हतं, यातली कुठलीही सबब चालत नाही.

"कायदा सिगारेटचा आहे" हे मिस्टरांचं म्हणणं अगदीच हवेतून आलेलं नसावं. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०१५ला मुलं असलेल्या गाडीत सिगारेट ओढण्यावर बंदी आली, ५० पौंडांचा दंड ठरला, आणि त्या नियमातून वेप वगळला होता. लंडनच्या नातेवाइकाने पाठवलेला मेसेज मेलबर्नच्या ग्रुपवर फिरतो आणि "गव्हर्नमेंटच्या साइटवरच लिहिलंय" म्हणून पुढे ढकलला जातो. साइट खरी, देश दुसरा. ऑस्ट्रेलियात गाडीतल्या धूम्रपानाचे नियम राज्यं करतात. पहिलं पाऊल साउथ ऑस्ट्रेलियाने २००७मध्ये उचललं. न्यू साउथ वेल्सचा नियम १ जुलै २००९पासून आहे आणि १ डिसेंबर २०१५पासून वेपही त्यात आला. व्हिक्टोरियात गाडीतली बंदी २०१०च्या १ जानेवारीला लागू झाली, आणि १ ऑगस्ट २०१७पासून वेपला सिगारेटच्याच रांगेत बसवलं. शेजारच्या न्यूझीलंडने तर २८ नोव्हेंबर २०२१ला नियम आणला तोच दोन्ही एकत्र धरून.

आता तुमच्या घरासाठी महत्त्वाचा फरक. व्हिक्टोरियात गाडीतली व्यक्ती १८ वर्षांखालची असली की नियम लागू होतो, न्यू साउथ वेल्समध्ये १६ वर्षांखालची असेल तरच. सिडनीकडे ह्यूम हायवेवरून जाताना वोडोंगा संपतं, मरी नदी ओलांडली की ऑल्बरी लागतं आणि राज्य बदलतं. त्या पुलाच्या अलीकडे तुमची मुलगी कायद्याच्या हिशेबात मूल आहे, पलीकडे नाही. तुमच्या प्रवासात याने काहीच सुटत नाही, कारण सहा वर्षांचा धाकटा दोन्हीकडे मूलच आहे. पण मिस्टरांना हा फरक कुठून तरी कळेल आणि "ऑल्बरीनंतर चालतं" असं ते म्हणतील, म्हणून आधीच सांगून ठेवतो. फक्त लेक आणि वडील गाडीत असतील तरच तो मुद्दा, तोही सीमेपलीकडे.

याच वयाच्या अटीत एक गोष्ट लपलेली आहे जी बहुतेक घरांच्या लक्षात येत नाही. मुलगी सोळाची झाली म्हणजे एल प्लेट (शिकाऊ लायसन्सची पाटी) आली असेल किंवा येऊ घातली असेल. व्हिक्टोरियात लायसन्ससाठी लॉगबुकमध्ये गाडी चालवण्याच्या सरावाचे १२० तास भरायचे असतात, त्यातले २० रात्रीचे. हे तास बहुतेक घरांत वडीलच भरून देतात. मूल मागच्या सीटवर बसलेलं असलं पाहिजे असं कायदा कुठेही म्हणत नाही. अठराखालची व्यक्ती गाडीत असली की झालं, मग ती स्टिअरिंगवर का असेना. मुलगी चालवतेय, बाबा शेजारी बसून शिकवताहेत आणि मधूनच एक कश घेताहेत, हा व्हिक्टोरियात गुन्हा आहे, आणि तो त्या १२० तासांत कितीही वेळा घडू शकतो. शिकाऊ गाडीवर पिवळी पाटी असते. पोलिसांची नजर तिकडे जाते.

दंड कोणाला, हा तुमचा दुसरा प्रश्न. व्हिक्टोरियात ओढणाऱ्याला. न्यू साउथ वेल्समध्ये ओढणाऱ्याला तर आहेच, शिवाय गाडी चालवणाऱ्यालाही. तिथला कायदा ड्रायव्हरला वेगळं जबाबदार धरतो, कारण गाडी त्याच्या ताब्यात असते. जागेवरची पावती २५० डॉलरची आणि प्रकरण कोर्टात गेलं तर १,१०० डॉलरपर्यंत. म्हणजे दीरांनी मागे बसून एक कश घेतला आणि त्या वेळी गाडी तुम्ही चालवत असाल, तर तुमच्या नावावर पावती फाटू शकते, तुम्ही आयुष्यात कधी वेप हातात धरला नसला तरी. व्हिक्टोरियाचा आकडा आम्ही मुद्दाम देत नाही. तिथे दंड पेनल्टी युनिटवर चालतो आणि युनिटचा भाव दर १ जुलैला नव्याने ठरतो. सरकारी साइटवर त्या वर्षाचा आकडा मिळतो.

पोलीस वेप शोधत गाड्या थांबवत फिरत नाहीत, हे खरं. पकडलं जातं ते दुसऱ्याच निमित्ताने. वेग जास्त होता, दिवा गेलेला होता, सिग्नलला शेजारी पोलिसांची गाडी येऊन थांबली आणि खिडकीतून पांढरा लोट बाहेर आला. वेपचा लोट सिगारेटपेक्षा कितीतरी मोठा असतो, लांबून दिसतो. शिवाय चालवणाऱ्यासाठी आणखी एक नियम आहे. ऑस्ट्रेलियन रोड रूल्समधला २९७वा नियम म्हणतो, गाडीवर पूर्ण ताबा नसेल तर चालवू नका. एका हातात वेप, समोर काचेवर वाफ आणि वेग ११०, यावर पोलीस स्वतंत्र पावती देऊ शकतात, मुलं गाडीत असोत वा नसोत.

"नुसती वाफ" याबद्दल. पाण्याची वाफ ती नव्हेच. वेपमधली तापलेली कॉइल प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वासाची द्रव्यं आणि बहुतेक वेळा निकोटीन यांचे अतिसूक्ष्म थेंब करते. ओढणाऱ्याच्या छातीत त्यातलं बरंचसं राहतं, उरलेलं बाहेर येतं. सिगारेटच्या धुरापेक्षा त्यात घातक पदार्थ कमी असतात हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं, मिस्टरांशी बोलतानाही मान्य करा, नाहीतर पुढचं ते ऐकणार नाहीत. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. मोटारीच्या आतली जागा जेमतेम तीन-चार घनमीटर. हॉलमध्ये जो लोट विरतो तो इथे मुलाच्या नाकाशी फिरतो, आणि एसी आतलीच हवा फिरवत असेल तर फिरतच राहतो. पुढची काच उघडल्याने सगळं बाहेर जातं हाही समज. चालत्या गाडीत हवेचा झोत आत वळतो आणि पुढे सोडलेल्या वाफेतला काही भाग थेट मागच्या सीटवर जातो. मुलाला दम्याचा त्रास असेल तर यावर वाद घालण्याचीही गरज नाही.

मिस्टरांना पटवायचं असेल तर शास्त्र राहू द्या, गाडीची काच दाखवा. पुढच्या काचेच्या आतल्या बाजूवर, ड्रायव्हरच्या समोर, एक पांढरा टिश्यू दाबून फिरवा. वेप ओढल्या जाणाऱ्या गाडीत टिश्यूवर किंचित चिकट, राखाडी थर येतो. ग्लिसरीन आणि ग्लायकॉल काचेवर बसतात, त्यावर धूळ धरते. दिवसा कळत नाही. रात्री समोरच्या गाडीचे दिवे पडले की काच धूसर होते, भोवती तेजाची कडी दिसतात, आणि पावसात डीफॉगर लावूनही आतली वाफ नीट जात नाही. जे काचेवर बसतं तेच मुलाच्या बूस्टर सीटवर, पट्ट्यांवर आणि त्याच्या हातातल्या खेळण्यावर बसतं, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

प्रवासाच्या आदल्या आठवड्यात ही साफसफाई उरकून घ्या. काच आधी कोमट पाण्यात दोन थेंब भांडी घासायचं लिक्विड टाकून मायक्रोफायबरने पुसा, मग दुसऱ्या कोरड्या फडक्याने. नुसता ग्लास क्लीनर मारला की थर पसरतो आणि रेघा उठतात, म्हणून साबणाचा हात आधी. डॅशबोर्डच्या स्क्रीनवर मात्र अल्कोहोलवालं काही लावू नका, लेप निघतो. बूस्टरचं कव्हर लेबल वाचून धुवा. सीट बेल्टचे पट्टे फक्त ओलसर फडक्याने पुसा. ते साबणात भिजत घालणं किंवा ब्लीच लावणं नको, धागा कमजोर होतो आणि अपघातात पट्ट्याने धरायचं तेव्हा तो दगा देतो. केबिन फिल्टर वर्षभरात बदलला नसेल तर आताच बदला. बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि घरी पाच मिनिटांत बसतो. गाडी भाड्याची घेणार असाल तर करार वाचा. वेपच्या वासासाठी सफाईचे वेगळे पैसे लावण्याचं कलम त्यात सहसा असतंच.

आता प्रवास. मेलबर्न ते सिडनी सुमारे ८८० किलोमीटर. निकोटीनची सवय असलेल्या माणसाला "गाडीत ओढू नको" एवढंच सांगून भागत नाही. कुठे आणि कधी ओढायचं हे आधी ठरवून दिलं की तो शांत बसतो. दर दोन तासांनी पंधरा मिनिटं थांबा, असं इथले रस्ता सुरक्षावाले तसंही सांगतातच. थांबे आताच ठरवून टाका. युरोआ साधारण १५० किलोमीटरवर, वोडोंगा-ऑल्बरी ३२०वर, गंडगाय ५००च्या आसपास, गोलबर्न ६८०च्या पुढे-मागे. ऑल्बरी ते गंडगाय हा टप्पा कंटाळवाणा वाटला तर मधे होलब्रुक आहे. गावाच्या मधोमध, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, खरीखुरी पाणबुडी ठेवली आहे. धाकट्याला तिथे अर्धा तास पुरत नाही, आणि मोठ्यांची सोयही होते.

थांब्यावर दोन गोष्टी चुकतात. पहिली म्हणजे मुलांच्या झोपाळा-घसरगुंडीच्या शेजारी उभं राहून ओढणं. दोन्ही राज्यांत सार्वजनिक जागेतल्या अशा खेळाच्या साधनांपासून १० मीटरच्या आत ओढायला बंदी आहे, आणि त्यात वेप धरलेला आहे. दहा मीटर म्हणजे मोठी दहा-बारा पावलं. गाडीतून उतरलो म्हणजे सुटलो, असं नाही.

दुसरी चूक फार गंभीर. "मुलगा झोपलाय, त्याला राहू दे गाडीत, दोन मिनिटांत ओढून येतो." डिसेंबरात ह्यूमवर तापमान चाळिशीला टेकतं आणि बंद गाडी काही मिनिटांत भट्टी होते. काच बोटभर उघडी ठेवून फरक पडत नाही. व्हिक्टोरियात मुलाला असं बिनदेखरेख सोडणं हा दंड किंवा कैद होऊ शकणारा गुन्हा आहे. न्यू साउथ वेल्समध्ये गाडीत एकटं सोडलेलं मूल त्रासलं किंवा त्याच्या जिवाला धोका झाला तर दंड २२,००० डॉलरपर्यंत जातो. वेपच्या २५० डॉलरपासून वाचायला जाऊन माणूस इथे अडकतो. म्हणून नियम असा ठेवा की थांब्यावर मुलं आधी उतरतील, त्यांच्यासोबत एक मोठं माणूस जाईल, आणि मगच बाकीचे आपापल्या वाटेला.

दोन थांब्यांमधल्या वेळासाठी निकोटीनची च्युइंगगम किंवा पॅच कामाला येतो. दोन्ही फार्मसीत बिनचिठ्ठीचे मिळतात, जीपीने (फॅमिली डॉक्टरने) लिहून दिले तर स्वस्त पडू शकतात. पॅच निघायच्या दिवशी सकाळी उठल्याउठल्या दंडावर, कोरड्या आणि केस नसलेल्या जागी लावायचा. तो हळूहळू चढतो. युरोआला तल्लफ आली म्हणून तिथे लावला तर दुपारपर्यंत उपयोग नाही. गमबद्दल तर बहुतेकांचा घोटाळा होतो. ती साध्या गमसारखी चघळली की निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं, मळमळतं, उचक्या लागतात आणि माणूस म्हणतो "हे काही कामाचं नाही." ती हळू चावायची, जिभेला मिरीसारखी चुणचुण लागली की गालाच्या आत दाबून ठेवायची, चुणचुण गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावायची. असं अर्धा तास. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, कोक काही नाही. तोंडात आंबटपणा असला की निकोटीन शोषलंच जात नाही. सर्व्हिस सेंटरवर कॉफी घेतली आणि गाडीत बसताबसता गम टाकली, ही अगदी नेहमीची चूक. २ मिलिग्रॅम घ्यायची की ४, आणि वेपबरोबर पॅच चालेल का, हे फार्मासिस्टला विचारूनच ठरवा, कारण ते मिस्टर दिवसाला किती ओढतात यावर आहे.

वेप गाडीत ठेवायचा कुठे, हे कोणी विचारत नाही आणि आम्हाला सर्वात जास्त काळजी त्याचीच वाटते. कपहोल्डर, दाराचा खण, सीटच्या मधली फट, या तिन्ही जागा सहा वर्षांच्या मुलाच्या हाताला लागतात. फळांच्या वासाचं लिक्विड त्याला सरबतच वाटतं. २०१८मध्ये व्हिक्टोरियातच एका लहानग्याचा लिक्विड निकोटीन पोटात गेल्याने मृत्यू झाला होता. तेव्हा वेप आणि रिफिल झिपच्या पाऊचमध्ये, मोठ्यांच्या बॅगेत, मुलांपासून दूर. गाडी उन्हात उभी करून जाताना ते बरोबर न्यायचं, कारण आत लिथियमची बॅटरी आहे आणि तापलेल्या डॅशबोर्डवर ती पेट घेऊ शकते. संपलेला वेपही घरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकायचा नाही. बॅटऱ्या आणि वेप कुठे घेतात ते काउन्सिलला विचारा.

मुलाने चोखलं किंवा प्यायल्याचा संशय आला तर उलटी काढायला जाऊ नका. तोंड पुसा, अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून भरपूर पाण्याने धुवा, निकोटीन कातडीतूनही आत जातं. लगेच पॉइझन्स इन्फर्मेशन सेंटरला १३ ११ २६वर फोन करा, ऑस्ट्रेलियात कुठूनही, चोवीस तास. बाटली हातात ठेवा, त्यावरचा मिलिग्रॅमचा आकडा ते विचारतात. मूल पांढरं पडलं, लाळ गळू लागली, झटके आले, श्वास अडखळला तर आधी ००० हा आणीबाणीचा नंबर. हे दोन्ही नंबर मुलीच्या फोनमध्येही घालून ठेवा. त्या क्षणी शांत डोक्याने फोन लावणारी ती एकटीच असू शकते.

भांडणाचं काय? मिस्टरांशी बोलायची वेळ गाडीतली नको. तिथे मुलं ऐकत असतात, माणूस चालवत असतो, आणि हट्टाला पेटतो. घरी, मुलं झोपल्यावर. "तुम्ही मुलांचा विचारच करत नाही" असं सुरू केलंत तर संपलंच, कारण सिगारेट सोडून त्यांनी विचार केलेला आहे. त्याऐवजी असं काही म्हणा: "सिगारेट सुटली हे सोपं नव्हतं, मला माहीत आहे. पण इकडे गाडीत वेपलाही बंदी आहे, आणि ऑल्बरीनंतर मी चालवत असेन तर दंड मलाही. आपण थांबे ठरवू, तिथे तुम्ही निवांत ओढा." मग थांब्यांचा कागद पुढे करा. नकार आणि पर्याय एकाच दमात आला की वादाला जागा कमी उरते.

दीरांशी तुम्ही बोलू नका. ते काम मिस्टरांचं, आणि तेही विमानतळावरून घरी येताना, पहिल्याच दिवशी. भाऊ भावाला सांगेल, "अरे, इकडे गाडीत नाही चालत, सिडनीकडे तर चालवणाऱ्याच्या नावावरही पावती फाटते," तर विषय तिथेच मिटतो. वहिनीने सांगितलं की तो मानापमानाचा प्रयोग होतो. तरी मधेच बोलायची वेळ आलीच, तर "भावजी, पुढच्या थांब्याला वीसच मिनिटं आहेत" एवढं बास.

दीर पुण्याहून येताहेत म्हणून त्यांना निघायच्या आधीच दोन-तीन गोष्टी कळवा. बॅटरीमुळे वेप चेक-इनच्या सामानात ठेवता येत नाही, आणि केबिन बॅगेतूनही भारतातून नेऊ देतात का, ते एअरलाइनला आधी विचारावं. ऑस्ट्रेलियात प्रवाशाला स्वतःपुरते जास्तीत जास्त २ वेप, २० पॉड किंवा तत्सम सुटे भाग आणि २०० मिलिलिटर लिक्विड आणता येतं. उतरल्यावर अधिकाऱ्याला आपण होऊन सांगावं. मित्रांसाठी म्हणून खोकंभर आणलं तर जप्ती आणि वर कारवाई. इथे आल्यावर विकत घ्यायचा असेल तर १ जुलै २०२४पासून वेप फक्त फार्मसीत मिळतो. ऑक्टोबर २०२४पासून १८ वर्षांवरच्यांना फार्मासिस्टशी बोलून, ओळखपत्र दाखवून, २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंतचा चिठ्ठीशिवाय मिळू शकतो, तोही पुदिना, मेंथॉल किंवा तंबाखूच्या चवीचाच. कोपऱ्यावरच्या दुकानात काउंटरखालून निघणारा आंब्याच्या चवीचा रंगीत वेप बेकायदा माल आहे, त्यात किती निकोटीन आहे ते लेबलवरून कळत नाही.

मिस्टरांना वेपही सोडायचा असेल तर ही सवय सोडायला मदत करणारी फोनसेवा, क्विटलाइन १३ ७८४८. इंग्रजीत मन मोकळं होत नसेल तर आधी दुभाषा सेवेला १३१ ४५० वर फोन करून मराठी, नाही मिळाली तर हिंदी मागायची आणि क्विटलाइनला जोडून द्यायला सांगायचं.

राहिला दीरांचा परतीचा प्रवास. भारतात १८ सप्टेंबर २०१९च्या अध्यादेशापासून आणि त्याच वर्षीच्या कायद्यापासून वेपची निर्मिती, विक्री, साठवण, जाहिरात आणि आयात सगळ्यावर बंदी आहे. विमानातून बॅगेत आणलेला एक वेपही आयातच ठरतो. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गंमत अशी की तिकडे स्वतःच्या गाडीत, मुलांसमोर, सिगारेट ओढायला बंदी करणारं वेगळं कलम नाही. २००३चा तंबाखू कायदा सार्वजनिक जागांपुरता आहे, बस-टॅक्सी त्यात येतात, खासगी मोटार नाही. म्हणून पुण्याहून आलेल्या माणसाला इथला नियम खरोखरच विचित्र वाटू शकतो, त्याला दोष देऊ नका. इथल्या फार्मसीतून घेतलेला वेप मात्र निघायच्या आदल्या दिवशी त्याच फार्मसीत विचारून विल्हेवाटीला द्यायला सांगा. मुंबईला कस्टम्सने बॅग उघडली तर "मेलबर्नला कायदेशीर विकत घेतलाय, ही बघा पावती" याचा काही उपयोग होत नाही.